कूलर लावूनही खोली दमट. शास्त्र आहे की नुसता जुगाड?

कोल्हापूरची_सून:
नमस्कार. लग्न होऊन मानेवाड्यात आले, नागपुरातला हा पहिलाच उन्हाळा. माहेरी पंख्यावर भागायचं. इथे सासऱ्यांनी गच्चीवरचा पत्र्याचा कूलर उतरवला, नव्या ताट्या ठोकल्या आणि खिडकीत बसवला. पहिला तासभर स्वर्ग. मग चादरी ओलसर, अंग चिकट. गार हवा निसटू नये म्हणून मी दारं घट्ट लावते, तर सासरे येऊन उघडतात. मावशीनं ठाण्यात कूलर घेतला होता, आठ दिवसांत विकला. एसीच घ्यावा का?
ता. क. काल पाणी भरताना पत्र्याला हात लागला आणि झिणझिण्या आल्या. सासरेबाबा म्हणाले, "चप्पल घालून भरत जा."

महालचा_वायरमन:
ताई, गारव्याचं मंग पाहू. पयले प्लग काढा. नुसतं बटन बंद करून भागत नाही. कोणी बटन न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत जायच्या वायरवर, जोडलं असंन तर बंद बटनावरही करंट आतपर्यंत येते. "चप्पल घालून भर" म्हणजे काकाजीले मालूम आहे का करंट उतरून राह्यला! चप्पल ओली झाली का संपलं.

पस्तीस उन्हाळे वायरिंग केली मी. सॉकेटले तीन भोकं दिसतात, खोलून पाहा तर वरच्या मोठ्या भोकाले वायरच नाही. अर्थिंग तिथं यायले पाहिजे. पंपाची वायर आठ महिने गच्चीवर तापते, तिचं रबर तडकते, मंग तीच पाण्यात सोडतो आपण. पत्र्यात उतरलेल्या करंटले अर्थिंगचा रस्ता नसंन तर तो तुमच्यातून जाईन. दर उन्हाळ्यात पेपरात अशा बातम्या येतातच ना बाप्पा.

अर्थिंग करा अन् ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला का वीज तोडणारी डबी, बसवा. बोर्डात एमसीबी आहे म्हणून निवांत राहू नका. १६ अँपिअरच्या एमसीबीले जास्त लोड समजते, माणूस चिकटला ते नाही समजत. आरसीसीबी गेलेला अन् परत आलेला करंट ताडून पाहते. हिशेब जुळला नाही का डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडते. माझ्या घरी बसवलं तवा दिवसातून चारदा पडे. बायको म्हणे, "लोकायच्या घरी उजेड करता अन् आपल्या घरी अंधार." आठ दिवसांनी सापडलं: कूलरच्याच पंपाची वायर, उंदरानं कुरतडलेली. तवापासून ती त्या डबीवर हात ठेवू देत नाही कोणाले.

निवृत्त_मास्तर:
दारांच्या बाबतीत सासरे बरोबर आहेत. कूलर थंडी तयार करत नाही, पाण्याची वाफ करतो. एक लिटर पाणी उडताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. पण ती वाफ खोलीतच राहिली तर पुढचं पाणी उडणार कुठे? समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं, आणि कूलरची पाठ बाहेरच्या हवेकडे.

मावशींचं कोडंही यातच सुटतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला तापमापक २४च्या आसपास थांबतो; कूलरच्या गारव्याची हद्दही तीच. चांगल्या ताट्या हवेला २८पर्यंत आणू शकतात. ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तोच तापमापक २९ दाखवतो, म्हणजे कमवायचे जेमतेम तीन अंश. ठाण्याची हवा तशी. इथेही मृग बरसला की कूलर नुसता पंखा उरतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाचंच हे भांडवल आहे, एसीची घाई करू नका. जुगाड म्हणून हिणवू पण नका. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणाऱ्यांना आर्द्रतेचा तक्ता ठाऊक नव्हता, पण वारा कुठून घ्यायचा हे नेमकं ठाऊक होतं.

आरोग्यसेविका_नंदनवन:
सगळे गारव्याचं बोलले, टाकीचं कोणीच नाही. दर आठवड्याला एक दिवस ठरवून टाकी पूर्ण रिकामी करा आणि ब्रशनं घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. मी घरोघरी सांगते, लोक म्हणतात, "पाणी तर रोज टाकतो मॅडम." अहो, टाकता, काढता कुठे?

कोल्हापूरची_सून:
सगळ्यांचे आभार. वायरमन आले होते. वरच्या भोकाला खरंच वायर नव्हती, आणि फ्लॅट सहा वर्षांचा आहे! अर्थिंग झालं, आरसीसीबी बसलं. समोरचं दार उघडं ठेवलं तर चादरी कोरड्या. बाबांनी "मी म्हणतच होतो" हे तीनदा ऐकवलं. चपलेचा विषय मात्र कोणी काढलेला नाही. रविवारी टाकी घासायची पाळी त्यांची लावली आहे.