शब्दचर्चा : ‘पिक अप यू’ का चुकतं?

ऐरोलीचा प्रवासी :
परवा ऑफिसच्या पाहुण्याला वाशीहून घ्यायला जायचं होतं. ठाण्याला नऊ नंबरवर गाडीची वाट बघत उभ्या उभ्या मेसेज टाकला, ‘डोन्ट वरी, आय विल पिक अप यू फ्रॉम वाशी.’ ग्रुपवर साहेब होते. त्यांनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, ‘पिक यू अप.’ का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘असंच म्हणतात.’

घरी मुलीचं पुस्तक चाळलं. त्यात ‘पिक अप द बॅग’ बरोबर आणि ‘पिक द बॅग अप’ही बरोबर. पण बॅगऐवजी ‘इट’ आलं की ‘पिक इट अप’ एवढंच बरोबर. आता नामाऐवजी येतं ते सर्वनाम, हे आपण शाळेत घोकलंय. मग नाम दोन्हीकडे बसतं आणि सर्वनामाला एकच जागा, असं का?

कोपरखैरणेकर :
पाठ करून टाका आणि सुटा. इंग्रजीत कारण शोधणारा माणूस घरी उशिरा पोचतो.

महाप्याची ताई :
पाठ करायची गरज नाही, कान लावला की कळतं. मी महाप्याला एका कॉल सेंटरमध्ये बरीच वर्षं नव्या मुलामुलींचं इंग्रजी घासूनपुसून घ्यायचे. ही चूक दर बॅचमध्ये असायचीच.

आधी ती होते का, ते सांगते. आपण रोजच्या मराठीत काय बोलतो? ‘मी तुला पिकअप करतो’, ‘फोन स्विचऑफ कर’, ‘दहाला चेकआउट करायचंय’. म्हणजे क्रियापद आणि त्याच्या शेपटीचं क्रियाविशेषण हे आपल्याकडे वेल्डिंग करूनच आलंय. आपण त्याचं नाम करून टाकलं आणि पुढे ‘करणे’ जोडलं. त्यामुळे इंग्रजी बोलतानाही तो तुकडा उघडून मध्ये काही घालायचं आपल्याला सुचत नाही. ‘पिकअप’ आधीच तयार, ‘यू’ बिचारं बाहेर उभं. इंग्रजीत मात्र ते दोन सुटे शब्द आहेत आणि मधली फट उघडी आहे.

आता ‘यू’ त्या फटीतच का जातं? हे वाक्य मोठ्याने म्हणा आणि टेबलावर बोटाने ठेका धरा. ठोका ‘अप’वर पडतो. ‘इट’ किंवा ‘यू’ वर सहसा पडत नाही, कारण कोण, काय हे दोघांना आधीच ठाऊक असतं. इंग्रजी वाक्याचा शेवट ही मानाची जागा आहे, तिथे नवी किंवा वजनदार गोष्ट येते. ‘द बॅग’ नवी असू शकते, म्हणून ती शेवटी चालते. ‘इट’ शिळं. शिळ्याला शेवटचं पान कोण वाढणार?

माझ्या एका बॅचला दिव्याहून येणारा मुलगा होता. व्याकरणाची बोंब, पण ही चूक त्याच्याकडून एकदाही झाली नाही. वही बघितली तर त्याने देवनागरीत, कानावर पडलं तसं लिहून ठेवलं होतं : पिकिटप, टर्निटॉफ, पुटिटॉन, चेकिटाउट. त्याला ते एकेक अखंड शब्दच वाटत होते! मी तीच वही पुढच्या बॅचला दाखवायचे. रोमन लिपीत तीन शब्दांमध्ये मोकळी जागा दिसते, बोलताना ती नसते.

ऐरोलीचा प्रवासी :
पिकिटप! पटलं ताई.

नौपाड्याचे अण्णा :
थांबा, इतक्यात पटवून घेऊ नका. ‘लुक आफ्टर इट’चं काय? तिथे ‘इट’ शेवटी आहे. ‘लुक इट आफ्टर’ कोणी म्हणत नाही.

महाप्याची ताई :
अण्णा, तुम्ही हे विचारणार याची खात्रीच होती. याचं उत्तर आपल्या सहावी-सातवीच्या मराठी व्याकरणात आहे. ‘तो वर गेला’ यात ‘वर’ क्रियाविशेषण. ‘तो माळ्यावर गेला’ यात तोच ‘वर’ शब्दयोगी अव्यय, नामाला चिकटलेला. इंग्रजीतले अप, ऑफ, ऑन, आफ्टर असेच दुहेरी नोकरी करतात, फक्त चिकटून लिहीत नाहीत म्हणून दिसत नाही.

बूट काढायचे : ‘टेक देम ऑफ.’ इथे ‘ऑफ’ मोकळा आहे, क्रियापदाचा जोडीदार. बसमधून उतरायचं : ‘गेट ऑफ इट.’ इथे ‘ऑफ’ बसचा आहे, ‘तिच्यातून’मधल्या ‘तून’सारखा. ‘तिच्या’ आणि ‘तून’ यांची ताटातूट करून बघा बरं. ‘आफ्टर इट’ त्याच जातीतलं. अर्थ ‘सांभाळ’ असा फिरला असला, तरी गाठ ‘त्याच्यामागे’सारखीच पक्की.

आणि ‘पुट अप विथ इट’ म्हणजे सोसणे. यात ‘अप’ मोकळा आणि ‘विथ’ शब्दयोगी, दोन्ही एकाच वाक्यात, म्हणून ‘इट’ मुकाट्याने ‘विथ’च्या मागे जातं.

नौपाड्याचे अण्णा :
हे मान्य. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत म्हटलंच आहे की क्रियापदाला असे बारके शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची खोड परक्यांना सगळ्यात जड जाते. तेव्हा प्रवासीसाहेब, लाज वाटून घेऊ नका, अडचण जुनी आहे.

आता माझी भर. ठाणेकर असल्यामुळे गाडीचंच उदाहरण देतो, १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्याच गावाला आली होती. फलाटावर उभे आहात, गाडी दिसली. ‘हिअर कम्स द ट्रेन!’ क्रियाविशेषण आधी, मग क्रियापद, मग गाडी. आता ‘ट्रेन’ काढून ‘इट’ घाला. ‘हिअर कम्स इट’ नाही, ‘हिअर इट कम्स’. सुटली तर ‘देअर गोज द ट्रेन’, पण ‘देअर इट गोज’. ताईंचाच नियम दुसऱ्या वेषात : सर्वनामाने शेवटी उभं राहायचं नाही.

मराठीत आपल्याला ही चिंता नाही. ‘गाडी आली’, ‘आली गाडी’, ‘आली ती एकदाची’, काहीही चालतं. बहुतेक वेळा तर सर्वनाम गाळून नुसतं ‘आली, आली!’ आणि लोक दाराशी सरकतात.

कोपरखैरणेकर :
मग ‘सो डू आय’? त्यात ‘आय’ शेवटी आहे की नाही?

नौपाड्याचे अण्णा :
शाबास, उशिरा पोचायला तुम्हीही तयार झालात. तिथे ‘आय’ हीच नवी बातमी असते, म्हणून ठोका त्याच्यावर आणि मानाची जागाही त्याला. जुलैतलं उदाहरण घ्या. कोणी म्हणालं, ‘आय हॅव लेफ्ट माय अम्ब्रेला इन द ट्रेन.’ तुमचीही राहिली असेल तर म्हणाल, ‘सो हॅव आय’, म्हणजे ‘माझी पण!’ पण तोच माणूस तुमच्याकडे बघून म्हणाला, ‘यू हॅव लेफ्ट युअर अम्ब्रेला’, आणि तुमच्या लक्षात आलं की हात रिकामा आहे, तर म्हणाल, ‘सो आय हॅव!’ म्हणजे ‘अरेच्चा, खरंच की!’ तेच तीन शब्द. ‘आय’ आणि ‘हॅव’ची अदलाबदल झाली आणि ‘मी पण’चं ‘खरंच की’ झालं. हे मला स्वतःला कळायला पन्नाशी उजाडली.

ऐरोलीचा प्रवासी :
सगळ्यांचे आभार. मुलीला ‘पिकिटप’ शिकवलं. दोन दिवस घरात रिमोट, चपला, पेन्सिली सगळं पिकिटप चाललंय. पण आज तिने मला पकडलं. म्हणाली, बाबा, बाई वर्गात म्हणतात ‘पिक अप एव्हरीथिंग’. ‘एव्हरीथिंग’ पण सर्वनाम आहे ना? मग ते शेवटी कसं?

महाप्याची ताई :
बाईंचं बरोबर आहे. ‘पिक एव्हरीथिंग अप’ही चालेल. ‘एव्हरीथिंग’ जातीने सर्वनाम असलं तरी बोलताना त्याला वजन आहे, टेबलावर ठोका द्या, पडतो. जागा जातीवरून मिळत नाही, ठोक्यावरून मिळते. ‘हिम’ सुद्धा जोर देऊन म्हटलं, म्हणजे ‘तिला नको, त्यालाच घे’ अशा अर्थाने, तर कधीमधी शेवटी ऐकू येतं. पण ते मुलीला आत्ताच सांगू नका, आधी चपला उचलून होऊ देत.