'असमान अंतरावरील' की 'विखुरलेली' विदा?

प्रश्न : ऐरोली ते वाशी या पट्ट्यातल्या खाडीच्या खोलीवर मराठीत टिपण लिहितोय. होडी जाईल तिथे घेतलेली मापं आहेत, ती चौकोनी जाळीवर आणायची आहेत. याला 'असमान अंतरावरील द्विमितीय विदेचं (डेटाचं) अंतर्वेशन (इंटरपोलेशन)' म्हटलं तर चालेल का? आणि कडेच्या चौकटींत संगणक 'नॅन' (NaN, म्हणजे 'संख्या नाही') दाखवतो, त्याला 'त्रुटी' म्हणू का?

उत्तर : 'अंतर्वेशन' बिनधास्त वापरा, गणिताच्या परिभाषेत तो रुळलेला आहे. माझा आक्षेप 'असमान अंतरा'ला आहे. एका मितीत तो नेमका बसतो. दोन मितींत मात्र त्याचे दोन अर्थ होतात. आडव्या-उभ्या रेषांची जाळी शाबूत आहे, फक्त रेषा कुठे दाट, कुठे विरळ. हीसुद्धा असमान अंतरंच, आणि मॅटलॅब या गणिती संगणकप्रणालीतलं 'इंटरप-टू' हे फंक्शन ती सहज हाताळतं. तुमच्या मापांना जाळीच नाही. तिथे 'ग्रिडडेटा' हे दुसरं फंक्शन लागतं, म्हणून 'विखुरलेली विदा' म्हणा. वाचणाऱ्याला कोणतं फंक्शन घ्यायचं ते शब्दावरूनच कळेल.

'नॅन'ला त्रुटी म्हणू नका, असं कळकळीने सांगतो. 'अंतर्वेशन' म्हणजे माहीत असलेल्या मूल्यांच्या आत नवं मूल्य बसवणं. रेषेवर 'आत' म्हणजे दोन टोकांमध्ये. प्रतलावर 'आत' कशाला म्हणायचं? सगळ्या बिंदूंभोवती रबर ताणून बसवलं की जी हद्द तयार होते, ते बहिर्वक्र कवच. ग्रिडडेटाची रेषीय पद्धत या कवचाचे त्रिकोण पाडते. ते असे की कुठल्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या आत दुसरा बिंदू येत नाही (बोरिस देलोने, १९३४). मग तीन शिरोबिंदूंच्या मूल्यांवरून मधलं मूल्य काढते. कवचाबाहेर त्रिकोणच नाही, म्हणून उत्तरही नाही. तिथे 'मूल्य नाही' लिहा. तिथलं मूल्य हवंच असेल तर ते बहिर्वेशन होईल, आणि टिपणात तसं म्हणावं लागेल.

पुन्हा प्रश्न : म्हणजे कवचाच्या आतलं सगळं भरवशाचं?

उत्तर : नाही, आणि खाडीच्या बाबतीत हेच महत्त्वाचं. किनारा आत वळतो तिथे कवच सरळ जातं. मधली तिवरं, चिखल, कधी तर चक्क रस्तासुद्धा त्यात सापडतो. त्या जागी लांबट, काटकुळे त्रिकोण पडतात आणि जमिनीवर पाण्याची खोली उमटते! संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी ती जागा आतच आहे. तेव्हा 'कवचाबाहेर' आणि 'काठाबाहेर' हे दोन शब्द वेगळे ठेवा. किनाऱ्याची रेषा स्वतंत्र घेऊन तिच्यापलीकडची मूल्यं पुसून टाका. 'निकटतम बिंदू' पद्धत वापरलीत तर आणखी जपा. काही संगणकप्रणालींत ती कवचाबाहेरही जवळच्या बिंदूचं मूल्य चिकटवते, नॅन दाखवतच नाही.