‘देशासाठी जमीन सोडा’ हे आदिवासींनाच का सांगता?

केपेकर:
काल इथे एकाने लिहिलं, ‘गोव्यातल्या गावडा-कुणबी-वेळीपांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आरक्षण मिळालं, तरी खाणीला विरोध, फौजेला विरोध. देशासाठी थोडी जमीन सोडायला काय जातं?’ वाचून रात्री झोप लागली नाही.

दर्जा कुणी दान दिला नाही. तो मिळाल्यावरही मागण्यांसाठी 25 मे 2011 ला बाळ्ळीत रस्त्यावर उतरावं लागलं आणि मंगेश गांवकर, दिलीप वेळीप हे दोन तरुण आगीत गेले. वनहक्क कायदा 2006 चा. आमच्या वडिलांचा दावा अजून फाईलीत. काजू आजोबांनी लावले, कागदावर मात्र सरकारी वन. मार्च 2016 मध्ये नाकेरी-बेतुलच्या पठारावर डिफेन्स एक्स्पो, म्हणजे संरक्षण सामग्रीचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तंबू उठल्यावर जमीन मोकळी होणार की कायमची जाणार, एवढंच लोक विचारत होते. हा देशद्रोह झाला? आधी ग्रामसभेला विचारा, मग बोला.

डिचोलीचा ट्रकवाला:
2012 ला खाणी बंद. कशाबशा सुरू झाल्या, तर 2018 ला कोर्टाने 88 खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं, त्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. कर्जाचा ट्रक दारात गंजला, बायकोचे दागिने गहाण पडले. खाण अवलंबित जगतात कसे, हे विचारायला पर्यावरणवाल्यांपैकी कुणी फिरकलं नाही. आणि आदिवासी सगळे विरोधात आहेत हे कुणी ठरवलं? केप्यातल्या कावरे या आदिवासी गावाने तर सहकारी संस्था काढून खाण आम्हालाच चालवायला द्या म्हटलं होतं.

केपेकर:
बाब, कावरे माझ्याच बाजूने बोलतं. डोंगर त्यांचा, तर ठरवायचंही त्यांनी. तुमचे हप्ते थकले, मान्य. पण तुमचा ट्रक धावत होता तेव्हा आमच्या झरी आटल्या. भूजलाच्या खाली खणायचं, पाणी पंपाने उपसून ओहोळात सोडायचं, आणि पावसात डंपची, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगाची, लाल माती आमच्या भातात. त्या शेताचं कर्ज कुणी फेडलं?

वास्कोचा माजी नौसैनिक:
खाणवाले आणि फौज एका दावणीला बांधू नका. 2021 ला सांव जासिंत बेटावर नौदलाला झेंडा फडकवायला अडवलं. वर्दी घातलेल्या माणसाला काय वाटलं असेल? दाबोळीला नौदल आहे म्हणून इथे विमानं उतरली, पर्यटन वाढलं.

पेडण्याचा धनगर:
जासिंतवाल्यांचा विरोध झेंड्याला नव्हता, बेट हातचं जाईल ही धास्ती होती. तिरंगा शेवटी फडकलाच ना? आणि दाबोळीचं सांगू नका. सकाळी साडेआठ ते एक नौदलाचा सराव, नागरी विमानांना जागा नाही, म्हणून मोपाच्या पठारावर नवा विमानतळ हवा, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. त्या पठारावरून उठलं कोण? धनगर. कासारवर्णेला घरं दिली, चराई कुठे दिली? माझ्या मामाने दुभत्या म्हशी विकल्या, आता दुसऱ्याच्या बागायतीत रोजंदारीवर जातो. वर गोव्याच्या धनगरांना जमातीचा दर्जाही नाही. केपेकर, तुमच्या ‘गावडा-कुणबी-वेळीप’मध्ये आम्ही कुठे?

माजी नौसैनिक:
मोपा नौदलाने बांधला नाही. भरपाई मिळाली ना?

पेडण्याचा धनगर:
भरपाईवर गुरं चरत नाहीत.

ट्रकवाला:
विषय खाणीचा. यात धनगर कुठून आले?

पेडण्याचा धनगर:
प्रत्येक वेळी हेच! विधानसभेत हेच, इथेही हेच. आधी आमचं उत्तर द्या, मग तुमच्या ट्रकचं बोलू.

केपेकर:
धनगरांना दर्जा मिळालाच पाहिजे. वाटेकरी वाढतील म्हणून आमच्यातले काहीजण गप्प बसतात, त्याचा मला राग येतो.

माजी नौसैनिक:
ग्रामसभेला आधी विचारावं, इतपत मला पटतं. पण संरक्षणाची प्रत्येक गोष्ट गावात मांडता येत नाही, हे तुम्हीही माना.

केपेकर:
मानतो. पण प्रदर्शनात गुप्त काय होतं?

ट्रकवाला:
ग्रामसभा हो म्हणाली तर खाण अडवणार नाही, असं लिहून देता?

केपेकर:
देतो. नाही म्हणाली तर ट्रक मागे फिरवाल, हे तुम्ही लिहा.