इरिनोटेकॅन (केमोचं औषध) सुरू होणार, एआरटीचं (एचआयव्हीच्या औषधांचं) काय करायचं?

प्रश्न: मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी इरिनोटेकॅन ठरलंय. पेशंट अटाझानाविर-रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधांवर, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) २६०. केमोपुरती एआरटी थांबवावी का?

उत्तर १: अजिबात नको. थांबवायची नाही, बदलायची, आणि तीही पहिल्या डोसआधी. इरिनोटेकॅनचा निचरा होण्याच्या दोन वाटा: अटाझानाविर यूजीटी१ए१ हे एन्झाइम अडवतं, रिटोनाविर सीवायपी३ए४ हे. औषध अंगात साचतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जुलाब आवरत नाहीत. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर सहसा निभावतं. हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय मात्र टेनोफोविर (एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बीही दाबणारं औषध) काढू नका. तो दबलेला विषाणू उसळला तर लिव्हर जातं.

उत्तर २: व्हायरल लोड (रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण) दबलेला असला तरी केमोत सीडी४ २००च्या खाली जाऊ शकतो. म्हणून कोट्रायमॉक्साझोलचं (संसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक) आत्ताच विचारून घ्या.

उत्तर ३: डोल्युटेग्राविर अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यायचं. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर हेच अंतर. आणि प्रत्येक जुलाब केमोच्या माथी मारू नका. शौचाचा नमुना सी. डिफिसिल, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब करणाऱ्या जंतूंसाठी पाठवा; रक्त पडलं तर सीएमव्ही या विषाणूचाही विचार हवा. ताप ३८ अंशांवर गेला तर मध्यरात्रीही दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.