सासऱ्यांना सिरॉसिस, लिव्हरवर गाठ. रोबोटिक ऑपरेशन करावं का?

निफाडकर:
सासरे ६४ वर्षांचे, हिपॅटायटिस बी मुळे सिरॉसिस आहे, दारूला कधी शिवले नाहीत (आधीच सांगतो, कारण सिरॉसिस म्हटलं की पाहुणे पहिलं तेच विचारतात). सीटीत लिव्हरच्या उजव्या कडेला ३.५ सेंटिमीटरची गाठ, कॅन्सरचीच म्हणतात. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथे रोबोटने काढू म्हणाले, खर्च ओपनपेक्षा (पोट उघडून करतात त्यापेक्षा) बराच जास्त. सासूबाई म्हणतात मशीनच्या हातात माणूस द्यायचा नाही, मेहुण्याला वाटतं पैशासाठी गळ्यात मारतायत, आणि सासऱ्यांचं एकच, द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीआधी काय ते उरका. कुणाला अनुभव?

ओटीतला माणूस:
मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. सासूबाईंना सांगा, रोबोट स्वतःच्या मनाने काही करत नाही. सर्जन त्याच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलावर, बसून चालवतो, त्याने स्क्रीनमधून डोकं काढलं की हात जागच्या जागी थांबतात. पोटावर साधारण ८ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं आणि गाठ पिशवीत घालून काढायला खाली एक जरा मोठा काप. सिरॉसिसवाल्याला याचा फायदा असा की त्यांच्या पोटाच्या भिंतीत, बेंबीजवळ शिरा फुगलेल्या असतात, ओपनमध्ये बरगडीखाली लांब काप घेतला की त्या कापल्या जातात, मग नंतर पोटात पाणी साचतं, जखमेतून झिरपत राहतं. लहान छिद्रांत हा त्रास कमी. पण रक्त आवरलं नाही तर मधेच ओपन करावं लागतं, कन्सेंटवर (संमतीच्या फॉर्मवर) ते लिहिलेलं असतं, वाचूनच सही करा. साध्या दुर्बिणीनेही होतं का तेही विचारा, मेहुण्याचं समाधान होईल.

पंचवटीची ताई:
आमच्या ह्यांचं रोबोटिकच झालं. तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालत होते, पण घरी आल्यावर पाय सुजले आणि लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्यांचा डोस बदलावा लागला, म्हणजे छिद्र लहान म्हणून लिव्हरला काही सूट मिळत नाही हो. दादा, रोबोट नंतर, आधी चाइल्ड स्कोअर विचारा, म्हणजे सिरॉसिस किती पुढे गेलाय त्याचे गुण. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), पोटातलं पाणी आणि पेशंट किती शुद्धीत आहे, यावर ठरतो. ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, त्यावर सी. सी ला सहसा लिव्हर कापतच नाहीत. आणि उरणारं लिव्हर किती? सिरॉसिसमध्ये साधारण ४० टक्के तरी राहायला हवं म्हणतात. हिपॅटायटिस बी ची गोळी मात्र कुणी सांगितल्याशिवाय बंद करू नका.

निफाडकर:
ताई, बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.२, पाणी नाही, शुद्धीत एकदम ठणठणीत, भावाबरोबर बांधावरून भांडतात अजून. प्लेटलेट ९२ हजार.

ओटीतला माणूस:
मग ५, म्हणजे ए. पण प्लेटलेट लाखाच्या आत म्हणजे पोर्टल प्रेशर (लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब) वाढलेलं असू शकतं, एंडोस्कोपी झाली का? अन्ननलिकेत शिरा फुगल्या असतील तर त्याचं आधी बघतात. गाठ जाळण्याचं (अब्लेशन) पण विचारा, ३ सेंटिमीटरपर्यंत ते जास्त चांगलं चालतं, तुमची थोडी वर आहे. एकच गाठ आणि ५ सेंटिमीटरच्या आत, त्यामुळे ट्रान्सप्लांटवाल्या डॉक्टरांचंही मत घ्याच.

विमावाला:
आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) २०१९ च्या नियमांनंतर रोबोटिक पॉलिसीत धरावं लागतं, पण कंपनी त्याला वेगळी मर्यादा लावू शकते. अर्धे पैसे खिशातून गेल्यावर लोक मला फोन करतात. एस्टिमेट टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेला) आधी पाठवून लेखी उत्तर मागवा.

निफाडकर:
एंडोस्कोपी झालीच नाही. सोमवारी इथे नाशिकलाच, मुंबई नाक्याजवळ नंबर लावलाय. छाटणी मेहुणा बघेल.