प्रतिसाद: दिल्लीची जामा मशीद
वर कोणीतरी म्हटलंय की ही औरंगजेबाने बांधली, तसं नाहीये, ही शहाजहानची, १६५० ते १६५६. औरंगजेबाची ती लाहोरची बादशाही मशीद, १६७३ ची, दिसायला बरीचशी सारखी म्हणून घोळ होतो. दिल्लीच्या या मशिदीचं मूळ नाव मस्जिद-ए-जहाँनुमा, आणि भोजला टेकडीवर असल्यामुळे पायऱ्या चढताना आपला दम निघतो! मला सगळ्यात भारी काय वाटलं तर आतली फरशी, पांढऱ्या संगमरवरात काळ्या पट्ट्या बसवून एकेका माणसापुरती जागा आखलीये, चटया अंथरल्यासारखी, पण लोक घुमटांचेच फोटो काढत बसतात. १८५७ नंतर इंग्रजांनी जप्त केली होती, १८६२ मध्ये परत दिली. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळीच जा, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणातला लाल दगड तव्यासारखा तापतो.