मदत हवी आहे: बाबांची १९७८ ची पद्मिनी इलेक्ट्रिक करावी, की इंजिन पुन्हा बांधावं? (बडोदा)

कारेलीबागकर (धागा)

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, कारण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागणं मला बरोबर वाटत नाही.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९७८ ची, पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगजवळचा गिअर. पहिल्यापासून आमच्याच घरातली. आरसीचं नूतनीकरण वेळच्या वेळी झालेलं आहे. बॉडी धडधाकट, डिकीच्या तळाला गंज होता, तो पत्रा बदलून घेतला. दुखणं इंजिनाचं आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आधीच वाढवलेला, त्यात आता दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन फार उतरलंय, ऑइल पिते, आणि फ्लायओव्हर चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. आमचे मिस्त्री म्हणतात की आता रीबोअरला जागा उरलेली नाही, स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) टाकाव्या लागतील.

बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. इंजिनिअरिंग इथंच झालं त्यांचं, आणि विद्यापीठाच्या त्या फॅकल्टीला ते आजही कलाभवनच म्हणतात. गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. ती कापड घालून झाकून ठेवायची नाही, हेही ठरलेलं आहे. बाबांना तिच्यातून न्यायमंदिराकडे, कमाटीबागेत, रविवारी आजव्याला जायचं असतं. वर्षातून एकदा पावागड. म्हणजे लांबात लांब जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर.

इलेक्ट्रिकचा विचार डोक्यात आला त्याला कारण आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या राजपुत्राच्या लग्नात जी जॅग्वार ई-टाइप दिसली, ती इलेक्ट्रिक केलेली होती. तिच्याबद्दल वाचलं तेव्हा मला सगळ्यात आवडली ती एक गोष्ट: बॅटरीचा आकार आणि वजन मूळ इंजिनाइतकं ठेवलेलं होतं, म्हणजे पुढे कुणाला वाटलं तर जुनं इंजिन परत बसवता येईल. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मोटर चालेल गं, पण गाडी कापायची नाही." आमची अट एवढीच आहे. कुठेही पत्रा कापायचा नाही, मूळ इंजिन ग्रीस लावून घरात जपायचं, आणि जे बसवू ते मूळच्या बोल्टांच्या जागीच.

माझा हिशेब असा आहे, चुकत असेल तर सांगा. शहरात ही गाडी किलोमीटरला १३० ते १५० वॉट-तास घेईल असं धरलं. शंभर किलोमीटरला १५ युनिट, आणि बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही म्हणून १९ युनिटचा पॅक. लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचे ६० सेल घेतले तर १९.२ युनिट होतात. एक सेल साधारण २ किलोचा, म्हणजे नुसते सेल १२० किलो; पेटी, केबल, चार्जर धरून दीडशेच्या वर. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर आणि भरलेली टाकी उतरली की जवळपास तेवढंच वजन कमी होईल. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॉटचा चार्जर लावला तर सहा तासांत पॅक भरावा.

आता अडलेले प्रश्न. क्लच ठेवावा का काढावा? ९६ व्होल्ट पुरेत का? मे महिन्यात इथे पारा ४२-४३ वर जातो, त्यात सेल टिकतील का? आणि सगळ्यात मोठी भीती पाण्याची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये पाणी गाडीच्या दारापर्यंत आलं होतं. पेट्रोलची गाडी त्यातून वाचली. बॅटरी वाचली असती का?

एका गराजवाल्याने काम करायची तयारी दाखवली, पण आरसीचं विचारल्यावर "ते नंतर बघू" म्हणाला. ते ऐकून मी थांबले आणि इथे लिहायला बसले.

अर्मेचर (पुणे)

ताई, हिशेब ठीक आहे. ९६ व्होल्ट चालतील, पण मी तुमच्या जागी असतो तर १४४ च्या आसपास गेलो असतो. ३० किलोवॉट खेचायचे तर ९६ व्होल्टला तीनशेच्या वर अँपिअर लागतात, १४४ ला दोनशेच्या आसपास. केबल पातळ, कॉन्टॅक्टर (मोठ्या प्रवाहाचा स्विच) लहान, उष्णता कमी. मात्र ६० व्होल्ट डीसीच्या वर गेलात की ते हाय व्होल्टेज. नारिंगी केबल, इन्सुलेशनवर नजर ठेवणारं सर्किट, हाताने तोडता येणारा डिस्कनेक्ट, सुरू करताना प्रवाहाचा झटका रोखणारा प्री-चार्ज रेझिस्टर. यातलं काहीही टाळायचं नाही.

गिअरबॉक्स ठेवा, क्लचही ठेवा. शहरात बहुतेक वेळ तिसऱ्यावरच चालेल. जपायचं आहे ते टॉर्कला. मूळ इंजिन सत्तर-पंचाहत्तर न्यूटन-मीटर देतं आणि तेही फेरे चढल्यावर. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर लावते. कंट्रोलरमध्ये मर्यादा घातली नाही तर मागच्या ॲक्सलचे शाफ्ट आणि जुने गिअर दाते सोडतील. रीजन ब्रेकिंगही (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) सौम्य ठेवा, कारण ते फक्त मागच्या चाकांवर येणार आणि पावसात मागचा भाग घसरू शकतो.

उन्हाचं म्हणाल तर आयर्न फॉस्फेट त्यातल्या त्यात सोशिक. चार्जिंगची वरची मर्यादा बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात ४५ ते ५५ अंशांच्या आसपास असते, तेव्हा उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, रात्री लावा. पुराबद्दल मात्र खोटा दिलासा देणार नाही. पेटी आयपी ६७ ची (पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा) असली तरी ती कसोटी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची असते, दोन-तीन दिवसांची नव्हे. पुराचा इशारा आला की गाडी उंचावर न्यायची, दुसरा उपाय नाही.

मकरपुरा

मोटर गिअरबॉक्सला जोडणारी अडॅप्टर प्लेट इथल्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) होईल, यंत्रं आहेत. पण मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेत हवेत, शंभरांश मिलिमीटरच्या हिशेबात. ड्रॉइंग नसताना "अंदाजाने करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. बेअरिंग आधी ओरडेल, मग इनपुट शाफ्ट जाईल.

आरसी_बुक

ताई, मोटर आणि सेलच्या आधी कागद बघा. तुमचा निर्णय तिथेच होणार आहे.

इलेक्ट्रिक किट बसवायचं तर त्या किटला एआयएस-१२३ या मानकाखाली मंजुरी लागते, ती पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांच्यासारखी चाचणी संस्था देते. मंजुरी किट बनवणाऱ्याला आणि ठरावीक मॉडेलसाठी असते. सुटे भाग जमवून घरी जोडलेल्या एका गाडीसाठी हा रस्ता व्यवहारात बंद आहे. मंजूर किट अधिकृत माणसाकडून बसवायचं, मग आरटीओ आरसीवर इंधनाचा रकाना बदलतं, मग विमा कंपनीला कळवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं की आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. अपघात झाला आणि आरसीवर 'पेट्रोल' असेल, तर विम्याचा दावा कोण मान्य करील?

आणि मुख्य गोष्ट. २०१६ साली केंद्राने या रूपांतराचे नियम आणले, त्यात पूर्ण इलेक्ट्रिक करायची गाडी १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेली असावी अशी अट आहे. तुमची १९७८ ची. दरजीपुऱ्याच्या आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखीच उत्तर घ्या, पण पैसे त्याआधी कुणालाही देऊ नका.

दुसरं, २०२१ च्या विंटेज नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. तुमची गाडी २०२८ मध्ये त्यात बसेल, मोटर बसवली तर बसणार नाही. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिव्हासुद्धा इलेक्ट्रिक केलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानत नाही.

कारेलीबागकर

१९९० ची अट मला कुणीच सांगितली नव्हती, त्या गराजवाल्यानेही नाही. मनापासून आभार. अर्ज सोमवारी देते.

विंटेज नोंदणीचं मात्र मला पटत नाही. ती घेतली की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे बाबांना घेऊन गेले होते. गाड्या अप्रतिम होत्या. पण बाबांना त्यांची गाडी हिरवळीवर नको आहे, त्यांना तिच्यातून भाजी आणायची आहे. म्हणून २०२८ नंतरही साधी आरसीच चालू ठेवीन, नूतनीकरणाचं शुल्क कितीही वाढलं तरी.

कार्ब्युरेटर

पेट्रोलच ठेवा हो. पद्मिनी सुरू झाल्याचं गल्लीतल्या सगळ्यांना कळायला हवं.

कारेलीबागकर

आवाज मलाही आवडतो. पण मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला धुराने खोकला येतो, तेव्हा मी आवाजाचा विचार करत नाही. बांधायचं तर असं बांधायचं की धूर राहता कामा नये.

स्लीव्ह_पिस्टन (इंदूर)

मग नीटच बांधा. मी या इंजिनांवर बरीच वर्षं काम केलंय. चार स्लीव्ह टाकून बोअर पुन्हा स्टँडर्ड मापावर आणा म्हणजे पुढे परत रीबोअरची सोय राहते. क्रँक मोजून घ्या. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) अंडाकृती झाले असतील तर ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग. हेड उतरलंच आहे तर कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) बसवा. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. २००० पासून देशभर शिसं बंद झालं आणि एक्झॉस्टच्या सीट त्यानंतर हळूहळू खचत गेल्या. तुमचं कॉम्प्रेशन पडण्यात त्यांचाही हात असू शकतो, तेव्हा स्लीव्हचा खर्च करण्याआधी लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करायला सांगा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर दोष एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगांचा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुने रबरी पाइप, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे गॅस्केट त्याने फुगतात, चिरतात. सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं टाका, विटॉन म्हणून मागा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, आत पाणी धरतं आणि गंजते.

सुटे भाग आताच घेऊन ठेवा. मुंबईत २००३ ला नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हा सगळा बाजार टॅक्स्यांवर चालत होता. कुर्ल्यात अजून माल मिळतो, दरवर्षी थोडा कमी.

अर्मेचर (पुणे)

इलेक्ट्रिकची हौस पूर्ण सोडू नका. १९९० नंतरच्या पद्मिनीही पुष्कळ आहेत, कंपनी २००० च्या आसपासपर्यंत त्या बनवत होती. बिघडलेल्या इंजिनाची एखादी स्वस्तात मिळाली आणि त्या मॉडेलसाठी मंजूर किट मिळालं, तर ती करा. बाबांची तशीच राहू दे.

कारेलीबागकर

हेच करते आहे. लीक-डाउन चाचणी करून घेतली. एका सिलिंडरची हवा सायलेन्सरमधून येते, दुसऱ्याची ऑइलच्या तोंडातून. म्हणजे सीटही आणि रिंगाही. हेड उतरवायचं नक्की झालं, बाबांनी स्वतः टॉर्क रेंच काढून पुसून ठेवलाय. आरटीओचं लेखी उत्तर आलं की इथे लिहीन, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

आता दोनच गोष्टी हव्यात. बडोदा, सुरत किंवा अहमदाबादेत या ब्लॉकला स्लीव्ह टाकून वर होनिंग (आतून बारीक घासकाम) व्यवस्थित करणारं मशीन शॉप कुणी स्वतः वापरलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ऐकीव नावं नकोत. आणि १९९० नंतरची पद्मिनी मंजूर किट बसवून इलेक्ट्रिक केलेली कुणाकडे असेल, तर आरसीचा इंधनाचा रकाना दिसेल असा फोटो पाठवा, नंबर झाकून. किटवाल्याशी बोलायच्या आधी मला तो बघायचा आहे.